गावोगावी नाटक नेऊन मनावरचे घाव खरंच भरतात का?

नुसत्या नाटकाने नाही भरत. नाटक संपल्यावर तुम्ही तिथे किती वेळ थांबता, त्यावर सगळं आहे. मानसिक आरोग्यावर नाटक बसवून दौरा काढायचा म्हणता, निधी कुठून मिळेल विचारता, आणि बेत काय, तर दिवसाला तीन गावं. तुमचा हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आमचं कलापथक नगर जिल्ह्यात फिरायचं. विषय नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली होती, त्यामुळे त्या भागात हे बोलायला तोंड फुटलं होतं. नेपथ्य वगैरे काही नाही. हलगी, सतरंज्या, एक कर्णा. बायकांनी साध्या साड्यांत उभं राहून काय करता येतं, हे ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ने १९८३ पासून दाखवून दिलंच होतं.

अकोले तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या पटांगणात प्रयोग झाला. पुरुष पुढे ऐसपैस, बायका मागे भिंतीला टेकून. शेवटी नारळ, हार, सरपंचांचं भाषण. आम्ही वर्गात खोबरेल लावून रंग उतरवत होतो, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. आत येईना. चौकट धरूनच तिने विचारलं, “ताई, तुमच्या खेळातल्या बाईला रेशनकार्ड भेटलं, ते कुठं भेटतं?”

नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा त्याच्या कार्डावरून हिचं नाव कमी झालं. भावाने आपल्या कार्डावर चढवलं नाही. साखर, रॉकेल सगळं वहिनीच्या हातून, तिच्या मर्जीने. सरकारदरबारी ही बाई कुठेच नव्हती. ती हे सांगत होती आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला प्रयोग होता. मी आणि एक मैत्रीण, आम्ही गेलोच नाही. उद्या एसटीने येतो म्हणून सांगितलं.

रात्री तिच्या ओसरीवर बसलो तर अंधारातून एकेक बाई येत गेली. आधी सगळ्या दुसऱ्या कुणाचं तरी सांगत होत्या. मग एकीने स्वतःचं सांगितलं, तशी शेजारीण म्हणाली, “अगं, तू तर मालक मुंबईला कामाला हायेत म्हणायचीस!” एका आळीत राहून, एका विहिरीवर पाणी भरून, दोघींनी एकमेकींपासून तेच लपवलं होतं. सकाळी त्या मिळून तहसीलला गेल्या. कार्डासाठी पुढे पुष्कळ खेटे घालावे लागले. पण तिथवर एकटी जायची वेळ कुणावर आली नाही.

आमचे दिग्दर्शक पुढच्या मुक्कामी सगळ्यांदेखत म्हणाले, “आपण कलावंत आहोत, समाजकल्याण खातं नाही.” पुढे कितीतरी वर्षं त्यांनी हा मुद्दा सोडला नाही. प्रयोग चांगला असला की तो लोकांच्या मनात आपलं काम करत राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. लोकांचं दुखणं उघडं करायचं आणि टेम्पोत बसून निघून जायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि थांबल्याने कला कमी होते, हे तर साफ चूक. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या रंगकर्मीने प्रेक्षकालाच मंचावर आणून ‘तू असतास तर काय केलं असतंस, करून दाखव’ म्हटलं. बंगालमध्ये १९८५ ला सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही नाट्यसंस्था खेड्यापाड्यांत तेच करते आहे. अहमदाबादच्या छारानगरातलं ‘बुधन थिएटर’ बघा. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या जमातीची ही मुलं. कायदा १९५२ ला गेला, पोलिसांची नजर गेली नाही. १९९८ पासून ती आपली गोष्ट स्वतः करतात आणि प्रयोगानंतर त्याच वस्तीत राहतात. म्हणून त्यांच्या नाटकात जोर आहे.

तेव्हा दिवसाला एकच गाव घ्या आणि मुक्काम ठेवा. बायकांना पुढे बसवा. पुढाऱ्याचं भाषण घ्यावंच लागलं तर प्रयोगाआधी उरका. नंतर ठेवलंत तर बोलायला आलेलं माणूस उठून जातं. निधीचं म्हणाल तर जेवण आणि निजायची सोय गावाकडे मागा, बराच खर्च तिथेच वाचतो. उरलेल्यासाठी तालुक्याच्या गावी तिकीट लावून प्रयोग करा. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मात्र आधी काढून ठेवा.

लसीकरण किंवा माहिती अधिकार असा नुसती माहिती द्यायचा विषय असेल, तर एसटी स्टँडवर वीस मिनिटं करून पुढे गेलात तरी चालेल. पण तुमचा विषय तसा नाही. आत्महत्येचा प्रसंग घालणार असाल तर सोबत समुपदेशक हवाच, आणि टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रयोगानंतर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तुमच्या पथकातल्या ज्या मुलांना स्वतःचं काही आठवून त्रास होतो, त्यांना रोज त्याच भूमिकेत उभं करू नका.