युद्धानंतरची अमेरिका कशी बदलली? आधी कर्जाची फाइल काढा

तुमचा प्रश्न असा: दुसरं महायुद्ध संपल्यावर दहा वर्षांत अमेरिकेत लवकर लग्न, पाठोपाठ मुलं, उपनगरात बंगली, दारात गाडी हा एकच साचा कसा पसरला? युद्धामुळे माणसं घराला आसुसली होती म्हणून का?

आसुसली होतीच. शिकागोत तर ट्रामचे जुने डबे राहायला विकले गेले. पण नुसतं आसुसून घर मिळत असतं तर आमच्या गृहकर्ज विभागाला कधीच कुलूप लागलं असतं. नाशिकच्या एका सहकारी बँकेत त्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे इतिहाससुद्धा मी ‘तारण काय, हप्ता किती’ असाच वाचतो.

१९३० पूर्वी तिथे घरकर्ज म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांची मुदत, निम्मे पैसे स्वतःचे, आणि मुदत संपली की उरलेलं मुद्दल एकरकमी. मंदीत हे सगळं कोसळलं. १९३४ पासून सरकार कर्जाचा विमा उतरवू लागलं आणि मुदत लांबली. मग २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ‘जी.आय. बिला’वर, म्हणजे सैनिकांच्या सवलतींच्या कायद्यावर, सही केली. परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, वर भत्ता, आणि घरकर्जाला सरकारची हमी. जामीनदार खुद्द सरकार म्हटल्यावर बँकेला आणखी काय हवं? खिशात दमडी नसली तरी फाइल मंजूर. मार्जिन मनी, म्हणजे घराच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा, जमेना म्हणून माझ्या टेबलावरून परत गेलेली जोडपी मला अजून आठवतात, म्हणून हे कलम मी दोनदा वाचलं.

मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा हट्टाने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं लेव्हिटटाउन, म्हणजे लेव्हिट या बिल्डरने वसवलेलं उपनगर, बघून आलो. १९४७ पर्यंत तिथे बटाट्याची शेतं होती. चार वर्षांत १७,४४७ घरं उभी राहिली. सुरुवातीची घरं ७५० चौरस फुटांची, म्हणजे आपला टू बीएचकेच, फक्त भोवती हिरवळ आणि वर माळा. बांधकामाचे २६ टप्पे पाडले होते. टोळ्या एका घरातून दुसऱ्यात सरकायच्या. एकाचं काम एवढंच की कपडे धुण्याचं यंत्र बोल्टने जमिनीला आवळायचं आणि पुढच्या दारात जायचं. १९४९ चं मॉडेल ७,९९० डॉलरला, हप्ता महिना साठेक डॉलर. १९५० च्या मॉडेलमध्ये तर जिन्याखाली टीव्ही बसवूनच मिळायचा. त्या वर्षी देशात दहा घरांमागे जेमतेम एकात टीव्ही होता. १९५५ ला तीनांत दोन घरांत.

घराबरोबर नियमही आले. कुंपण घालायचं नाही, गवत दर आठवड्याला कापायचं, कपडे शनिवार-रविवारी बाहेर वाळत टाकायचे नाहीत. तुम्ही म्हणता तो साचा निम्मा इथे घडला. घर मिळणार म्हटल्यावर लग्नं लांबवायचं कारण उरलं नाही: १९५६ मध्ये पहिल्यांदा लग्न करणाऱ्या अर्ध्या मुली जेमतेम वीस वर्षांच्या किंवा त्याहून लहान होत्या, आणि १९५४ पासून वर्षाला ४० लाखांवर बाळं जन्मू लागली.

आता फाइलचं मागचं पान. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात लिहिलं होतं की गोऱ्या वंशाखेरीज कुणी या घरात राहू नये. घरकामाला मात्र इतर वंशाचा नोकर चालेल. बिल्डरचा हेकटपणा म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण कर्जाचा विमा उतरवणारं सरकारी खातंच अशी कलमं पसंत करायचं. मे १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टं असली कलमं अमलात आणू शकत नाहीत. कलम गेलं, वागणं राहिलं. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांत १९४७ साली हमी मिळालेल्या ३,२०० हून अधिक कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली दोन. दोनशे नव्हे, दोन. युद्ध तेही लढले होते. (आमच्या बँकेच्या कागदांत असं काही लिहिलेलं नव्हतं. पण सोसायटीचं ना-हरकत पत्र कोणत्या आडनावाला पटकन मिळतं आणि कुणाचं अडतं, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय.)

‘बायका कारखान्यातून स्वयंपाकघरात परतल्या’ हे अर्धंच खरं. १९४५ नंतर लाखोंना कामावरून काढलं, हे खरं. पण दहा वर्षांत नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या पुन्हा युद्धकाळाच्याही वर गेली होती, आणि त्यांत लग्न झालेल्या बऱ्याच होत्या. नव्या घराचे खर्च भागवायला दुसरा पगार लागायचाच. गंमत म्हणजे कर्ज मंजूर करताना बँका तोच पगार धरायच्या नाहीत, किंवा निम्माच धरायच्या: बाई आज ना उद्या बाळंतपणाला घरी बसणार, हा हिशेब. हे बेकायदा ठरायला १९७४ उजाडलं.

लेव्हिटटाउनमध्ये आज मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. कुणी मजला चढवलाय, कुणी पुढे खोली काढलीय. एका दारात कुंपणही होतं.