वेगळी मंडळी (चर्च) काढायची म्हणतोस ना, मग हे आधी वाच

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला, व्हॉइस नोट पण ऐकली. एवढी लांब व्हॉइस नोट पाठवत जाऊ नको रे भो, एसटीत काही ऐकू येत नाही. पण मुद्दा कळला. पंचकमिटीत भांडणं, मिशनच्या जमिनीची केस वर्षानुवर्षं कोर्टात, चर्चचे पाळकसाहेब आपले बदलीची वाट बघत बसलेले, आणि तरुण संघाला विचारतात ते फक्त नाताळात स्टेज सजवायला. म्हणून तुम्ही पोरं मिळून स्वतःची, स्वदेशी, कोणत्याही मिशनशी संबंध नसलेली मंडळी काढताय. नाव ठरलं, लोगो झाला, यूट्यूब चॅनल पण झालं म्हणे.

काढू नको असं मी म्हणणार नाही. पण तू लिहिलंयस ना, की आपल्या लोकांनी असं आजवर कधी केलंच नाही, आपण पहिले, तिथे मात्र थांब. केलंय. दीडशे वर्षांपेक्षा जास्त झाली त्याला. आणि ज्यांनी केलं त्यांचं काय झालं ते कळल्याशिवाय पुढे जाशील तर त्यांच्याच खड्ड्यात पडशील, फरक एवढाच की तुझा खड्डा लाइव्ह दिसेल.

१८५७ साल घे. सगळा देश बंडाच्या गोष्टी करत होता, तेव्हा खाली तमिळ मुलखात तिरुनेलवेलीत सट्टांपिल्लै नावाच्या एका माणसाने मिशनरी साहेबाशी वाजवलं आणि आपल्या लोकांना घेऊन तो बाहेर पडला. नाडार समाजातला, शिकलेला, मिशनमध्येच काम करणारा माणूस. त्याच्या जातीबद्दल एका मोठ्या मिशनऱ्याने पुस्तकात वाटेल ते लिहून ठेवलं होतं, तो राग होताच. बाहेर पडून त्याने प्रभू येशूची हिंदू मंडळी उभी केली. हो, नावच तसं. शनिवारी उपासना, साष्टांग नमस्कार, धूप, जुन्या करारातले सण, आणि गोऱ्यांकडून आलेलं जेवढं काढता येईल तेवढं काढून टाकलं. ती मंडळी अजून आहे, छोटीशी, प्रकाशपुरम गावात. टिकली हे खरं, पण गावाच्या आणि जातीच्या बाहेर फारशी गेली नाही हेही खरं.

मग १८८६ला मद्रासमध्ये डॉक्टर पल्नी अँडी यांनी नॅशनल चर्च काढलं आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी आणि त्यांच्या मित्रांनी ख्रिस्तो समाज काढला. दोन्हीकडे वकील, डॉक्टर, प्रोफेसर अशी माणसं, आणि म्हणणं एकदम बरोबर, की बाबा इंग्लंडात तुमची भांडणं झाली म्हणून अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन पंथ वेगळे झाले, आम्ही इथे त्यांची लेबलं का लावून फिरायचं? मला आजही हे म्हणणं पटतं. पण काही वर्षांतच दोन्ही विझले. का? मला विचारशील तर त्यांच्याकडे विचार होता, घर नव्हतं. शहरातली चार शिकलेली माणसं संध्याकाळी जमणार, बोलणार, ठराव करणार. पण खेड्यातली बाई लेकराचा बाप्तिस्मा कुठे करणार, मयत झाली तर दफन कुठे, लग्न कोण लावणार, याची सगळी उत्तरं जुन्याच मिशनकडे होती. तुमच्या प्लॅनमध्ये कब्रस्तानाचा विषय आहे का? नसणार. तरुण माणसाच्या प्लॅनमध्ये तो नसतोच, पण मंडळीचा पहिला खरा प्रश्न तिथेच येतो. जुन्या मंडळीच्या कब्रस्तानात तुमच्या माणसाला जागा देतील का, आधी विचारून ठेव आणि लेखी घे.

आता आपल्या टिळकांचं सांगतो. नारायण वामन टिळक, ज्यांची भजनं तू लहानपणापासून तबला-पेटीवर म्हणतोयस. कोकणातल्या करजगावचा चित्पावन ब्राह्मण, जन्म १८६१चा, १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे, सगळीकडून शिव्या. लक्ष्मीबाईंनी पुढे १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला तोवरची वर्षं त्या घराने कशी काढली असतील. पुढे टिळकांनी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवलं, लिहिलं, कीर्तनं केली. आणि १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, मिशनचा पगार सोडला. या वयात माणसं पेन्शनचे कागद गोळा करतात आणि हा माणूस साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार काढतो! कल्पना अशी की बाप्तिस्मा झालेला असो नसो, जो ख्रिस्ताला गुरू मानतो तो दरबारातला. मिशन नाही, पंथ नाही, विलायती शिक्का नाही. त्या काळात हे केवढं धाडस होतं बघ, मिशनवाले म्हणणार हा बाहेर गेला, हिंदू समाजाने तर कधीच बाहेर काढलेलं.

पण मे १९१९मध्ये टिळक गेले. दोन वर्षं पण मिळाली नाहीत दरबाराला. त्यांच्यामागे तो फार चालला नाही, कारण दरबार म्हणजे टिळक होते, दुसरं कोणी तयार व्हायला वेळच नव्हता. त्यांची भजनं मात्र आजही नगर ते नागपूर सगळ्या मंडळ्यांत चालू आहेत. म्हणजे जे लोकांच्या तोंडात दिलं ते राहिलं आणि जे स्वतःच्या खांद्यावर होतं ते खांद्याबरोबर गेलं. तुझ्या व्हॉइस नोटमध्ये मी एकच गोष्ट मोजत होतो, तू 'मी' किती वेळा म्हणतोस. जाऊ दे, आकडा सांगत नाही.

तुझ्या घरी केळी आहे म्हणून तुला सांगायला नको, एका झाडाला एकच घड लागतो, तो कापला की त्या झाडाचं काम संपलं, पुढचं पीक पिलावर, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या कोंबावर. आणि पील घड लागण्याच्या आधीच निवडून ठेवावं लागतं, कापणीनंतर शोधत बसलं तर बाग मोडली. मंडळीचं पील आत्ताच निवड. कोण? तू नसलास तर उपासना कोण घेईल, हिशोब कोण ठेवेल, दोन नावं तरी दे. त्यातलं एक बाईचं असू दे.

हे फक्त आपल्या ख्रिस्ती लोकांचं नाही हां. तुझ्या तळोद्याकडचंच बघ. गुला महाराजांनी १९३८च्या आसपास आदिवासी भागात आरतीची चळवळ उभी केली, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने 'आप' म्हणा. हजारो लोक जमायचे. ते त्याच वर्षी वारले, पण भाऊ रामदास महाराज तयार होते म्हणून चळवळ पुढे चालली. तुझ्या आजोबांच्या पिढीला हे सगळं माहीत होतं, विचार घरी कोणाला.

आता पैसा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, खजिनदार राहिलेला माणूस आहे.

१९०३ला तिरुनेलवेलीच्या लोकांनी स्वतःची मिशनरी संस्था काढली, त्यात एक तरुण होता, व्ही. एस. अझरया, जेमतेम तिशीचा. अट एकच, बाहेरचा पैसा नाही. तिथल्या तमिळ मंडळ्यांनी आपल्या खिशातून माणसं पाठवली, कुठे, तर तेलुगू मुलखात डोर्नकलला, भाषा वेगळी, माणसं वेगळी. त्यानंतर १९०५ला नाताळच्या दिवशी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली, तिथेही तोच हट्ट, माणसं आपली, पैसा आपला, कारभार आपला. हाच अझरया १९१०ला एडिनबर्गच्या मोठ्या मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांच्या तोंडावर म्हणाला की तुम्ही खूप त्याग केलात, आता आम्हाला मित्र द्या. म्हणजे साहेब होऊ नका, बरोबरीने बसा. लोकांना ते झोंबलं. १९१२ला तो अँग्लिकन मंडळीचा पहिला भारतीय बिशप झाला, त्याच डोर्नकलला. तिथली मंडळी म्हणजे बहुतेक माला आणि मादिगा या दलित समाजांतले शेतमजूर. आणि तिथलं कॅथेड्रल, देवळाचे खांब आणि मशिदीचे घुमट एकत्र केल्यासारखं, पूर्ण व्हायला १९३९ उजाडलं. कोणाला घाई नव्हती.

मिझोरामच्या बायकांचं तर मला फार कौतुक आहे. १९१०च्या सुमारास त्यांनी ठरवलं की रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. गरीब घरं, नोट कुठून आणणार? पण मूठ प्रत्येकीकडे असते. तो तांदूळ गोळा करून विकतात, त्यावर मंडळीची कामं चालतात, आजही चालतात. म्हणजे श्रीमंत देणगीदार लागलाच नाही, लागली ती शिस्त.

आता तुमचं बघ. तू लिहिलंयस की हैदराबादचा एक भाऊ दर महिन्याला मदत पाठवेल आणि पुढे परदेशातून पण येईल. बेटा, परदेशातला पैसा आता असा येत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या ३ वर्षांत १५ लाख खर्च दाखवावा लागतो, आणि खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर घेऊन वाटू म्हणशील तर सरळ गुन्हा आहे, तो विचार पण नको. कायद्याचं सोड, तुझ्या लक्षात येतंय का की ज्या मिशनच्या पैशावर चिडून तुम्ही बाहेर पडताय तेच तुम्ही दुसऱ्या दारातून आत आणताय? हैदराबादच्या भावाने हात आखडला की उपासना बंद, आणि नाही आखडला तर एक दिवस तो उपदेशक पण पाठवेल, मग बसा.

पंडिता रमाबाईंनी बाहेरचा पैसा घेतला, हे तू मला सुनावशील, म्हणून आधीच सांगतो. घेतला, अमेरिकेतून घेतला. पण त्या बाईने इंग्लंडात असताना, नुकता बाप्तिस्मा झालेला असताना, त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर लोकांशी वाद घातला की माझ्या क्रॉसवर लॅटिन कशाला, संस्कृत का नको. दुसऱ्याच्या छपराखाली राहून असं बोलायची हिंमत असेल तर घे बाहेरचा पैसा. माझ्यात नव्हती, तुझ्यात आहे का ते तू बघ.

आपल्याकडे सणाच्या उपासनेनंतर लिलाव होतो ना, कोंबडी, भोपळा, केळीचा घड, कोणाची दादर ज्वारी, नवापूरकडची तूर. तिथूनच सुरू कर. पहिलं वर्षभर तुमच्या मंडळीचा सगळा खर्च त्या दानात आणि दानाच्या थैलीत बसला पाहिजे, मग भाड्याचा हॉल नसला तरी चालेल, साउंड सिस्टिम तर नकोच. बख्त सिंग यांचं ऐकलं असशील, पंजाबचे शीख घरातले, १९४१ला मद्रासजवळ पल्लावरमच्या टेकडीवर सोबत्यांबरोबर रात्रभर प्रार्थना करून त्यांनी वेगळी वाट धरली. लोक चटईवर बसायचे, उपासनेनंतर सगळे एकत्र जेवायचे, पैशासाठी आवाहन नाही. तेवढ्यावर केवढं पसरलं ते! चटई आणि पातेलं, बस. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली तरी माणूस खूश होऊन जाईल आपल्याकडे.

गाण्यांचं मात्र मी आत्ताच भांडतो. तुमच्या चॅनलवरची चारही गाणी ऐकली, चाल मुंबईची, शब्द अर्धे हिंदी. पाड्यावरची म्हातारी मावची ही आदिवासी बोली बोलते, तिच्यासाठी एकही गाणं नाही? धुळ्याकडच्या पोराला अहिराणी येते आणि तो माइकवर पुस्तकी मराठी झोडतो. स्वदेशी म्हणजे फक्त अमेरिकन माणूस नाही असं असेल तर मग आपण काय वेगळं केलं. तुझ्या मावशीला बसव, तिला लग्नातल्या चाली येतात, त्यावर शब्द बांध.

बाहेरून त्रास होणार आहे तो वेगळा. परदेशी धर्म, परदेशी पैसा, असं गावात म्हणणारे म्हणतीलच, आणि आदिवासी ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती काढा ही मागणी तू ऐकतोसच. घाबरू नको, पण कागद स्वच्छ ठेव. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी कर, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाक, दरवर्षी ऑडिट. जुन्या मंडळ्यांच्या अर्ध्या केसा याच्यामुळे आहेत, वडील वारले, मुलगा बसला, रिपोर्ट कोणी टाकलाच नाही. आणि कोणाच्या घरी न बोलावता प्रार्थनेला जाऊ नका, आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या.

शेवटचं, जुन्या पाळकसाहेबांना भेट. एकटा जा, पोरांना नेऊ नको, मोबाईल काढू नको. आम्ही जातोय असं तोंडावर सांग आणि प्रार्थना करून घे त्यांच्याकडून. ते रागावतील, रागावू दे.

मी पुढच्या महिन्यात नंदुरबारला येतोय, मुलीकडे. ट्रस्टच्या घटनेचा कच्चा मसुदा लिहून ठेव, मराठीत, आणि त्या दोन नावांच्या माणसांना पण बोलव. आईला सांग जेवायला मी आहे.

तुझा,
काका