पहिल्या समूह सायकल राइडपूर्वी एवढे जरूर पाहा

आपण रविवारी प्रथमच क्लबबरोबर येणार आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. सुरुवात खडकवासल्याच्या राइडने करावी. पुण्यातल्या स्वारगेटपासून खडकवासला धरण २० किलोमीटरांच्या आत आहे आणि वाटेत मोठा घाट नाही. कात्रज घाटाची घाई नको.

नवागतांची सर्वांत धोकादायक चूक म्हणजे आपले पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला समांतर नेणे. पुढचा स्वार खड्डा चुकवण्यासाठी किंचित जरी सरकला, तरी चाके घासतात आणि पडतो तो बहुधा मागचाच. म्हणून आरंभी निदान एका सायकलइतके अंतर राखा, रेषेत चालवा आणि थांबायचे असल्यास आधी हात दाखवून व मोठ्याने सांगून मगच हळूहळू ब्रेक लावा. खड्डा किंवा वाळू दिसताच ओरडून मागच्यांना सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

दुसरी चूक पहिल्या ५ किलोमीटरांतच दमछाक करून घेण्याची. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालवा. शेवटी राहणारा अनुभवी सभासद तुम्हाला एकटे सोडणार नाही. आपण नवे आहोत, हे त्याला निघतानाच सांगा.

सोबत एवढे असावे:
- हेल्मेट, पाणी, थोडे खाणे
- आपल्याच चाकाच्या मापाची जादा ट्यूब आणि पंप
- पहाटे निघायचे असल्याने पुढचा व मागचा दिवा

महागडे बूट, गिअरचे बारकावे वगैरे विषय तूर्त बाजूला ठेवा. शनिवारी चाकांतली हवा आणि ब्रेक मात्र स्वतः तपासा.