फेसबुक अ‍ॅड्समध्ये कॅम्पेन, अ‍ॅड सेट आणि अ‍ॅड यात फरक काय?

तीन मजले आहेत असं समजा. सगळ्यात वर कॅम्पेन, तिथे मुख्यतः हेतू ठरतो, म्हणजे लोकांनी वेबसाइटवर यावं, फॉर्म भरावा की खरेदी करावी. मेटामध्ये (फेसबुकची कंपनी) असे 6 ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे हेतू, आहेत आणि इथे चुकीचा निवडला की खालचं सगळं कितीही चांगलं असू दे, उपयोग नाही, कारण ट्रॅफिक (म्हणजे लोकांना वेबसाइटवर आणणं) निवडलंत तर सिस्टम क्लिक करणारी माणसं शोधणार, विकत घेणारी नाही.

खरा खेळ अ‍ॅड सेटमध्ये असतो. कुणाला दाखवायचं, कुठे दाखवायचं (फीड, स्टोरी, रील्स), कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं इथे ठरतं. बजेटही इथे ठेवता येतं, किंवा कॅम्पेनवर ठेवता येतं, मग सिस्टम ते अ‍ॅड सेट्समध्ये स्वतः वाटते. नवीन लोक इथेच गडबड करतात, थोड्याशा बजेटमध्ये सात-आठ अ‍ॅड सेट काढून बसतात. मेटाच्या म्हणण्यानुसार लर्निंग फेजमधून (म्हणजे जाहिरात कुणाला दाखवावी हे सिस्टम शिकत असते तो काळ) बाहेर यायला एका अ‍ॅड सेटला आठवड्यात साधारण 50 रिझल्ट (तुम्ही निवडलेली कृती, जसं फॉर्म भरणं किंवा खरेदी) लागतात, पैसे असे विखुरले तर एकही तिथवर पोचत नाही. त्यामुळे सुरुवातीला एक कॅम्पेन, एक किंवा दोन अ‍ॅड सेट, प्रत्येकात तीन-चार अ‍ॅड, बास. आणि रोज उठून ऑडियन्स बदलू नका प्लीज, मोठा बदल केला की लर्निंग पुन्हा पहिल्यापासून.

अ‍ॅड म्हणजे प्रत्यक्ष दिसणारा फोटो किंवा व्हिडिओ, मजकूर, बटण.

टिकटॉकवरही हेच, फक्त मधल्याला अ‍ॅड ग्रुप म्हणतात.