वाचकांचे प्रश्न : वर्तुळात बसण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही गेली अकरा वर्षे कॅनडात, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहतो. येथील आदिवासी आणि इतर रहिवासी यांची एक संवादबैठक सप्टेंबरअखेर आमच्या भागातील ग्रंथालयात होणार असून मलाही तिचे निमंत्रण आले आहे. माझे यजमान म्हणतात, ‘त्यांच्या जमिनी आपण घेतल्या नाहीत, त्यांची मुले आपण नेली नाहीत, मग तेथे जाऊन काय करायचे?’ मी जावे का, आणि गेले तर काय बोलावे?
— एक वाचक भगिनी, ब्रॅम्प्टन

उत्तर : जरूर जावे. काय बोलावे याची काळजी मात्र सध्या बाजूला ठेवावी, कारण अशा बैठकीत नव्या माणसाकडून पहिली अपेक्षा बोलण्याची नसते.

आपल्या यजमानांचे म्हणणे खोटे नाही. कॅनडाच्या सरकारने चर्चसंस्थांच्या मदतीने शंभराहून अधिक वर्षे निवासी शाळा चालवल्या, सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरांपासून तोडून तेथे ठेवले, मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा केल्या, आणि त्यांतील हजारो मुले परत आलीच नाहीत. या साऱ्यात महाराष्ट्रातून अलीकडे आलेल्या कुटुंबाचा काही दोष नाही. परंतु दोष नसला म्हणजे संबंधही नसतो, असे नव्हे. ब्रॅम्प्टन ज्या जमिनीवर वसले आहे ती १८१८ च्या अजेटन्स करारातली आहे. ब्रिटिश राजसत्तेने तेथील मिसिसॉगा या आदिवासी लोकांकडून सुमारे साडेसहा लाख एकर जमीन वर्षाला सुमारे ५२२ पौंडांचा माल देण्याच्या बोलीवर घेतली होती. गावाकडे सातबारा पाहिल्याशिवाय आपण गुंठाभर जागा घेत नाही. आपल्या तेथील घराच्या फेरफारांचे पहिले पान शोधत गेलात, तर हाच करार हाती येईल.

न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या, आणि त्यांतील शेवटच्या दोन नेमक्या आपल्यासारख्या नवागतांविषयी आहेत. नव्याने येणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीत आणि नागरिकत्वाच्या परीक्षेत आदिवासींचा, करारांचा व निवासी शाळांचा इतिहास असावा, ही त्यांतली एक. नागरिकत्वाच्या शपथेत करारांचा उल्लेख यावा, ही दुसरी. त्यानुसार २०२१ साली शपथ बदलली, आणि आता ती घेणारा प्रत्येकजण फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी या कॅनडातील तीन आदिवासी समूहांचे हक्क मान्य करणाऱ्या संविधानाचे पालन करण्याचे वचन देतो. म्हणजे आयोगाने आपल्याला आरोपी म्हणून बोलावलेले नाही. करार करणाऱ्या दोन पक्षांपैकी एकात आपण उशिरा दाखल झालो आहोत, एवढेच तो सांगतो.

बैठकीची रीत ठिकाणपरत्वे बदलते, तरी सामान्यतः खुर्च्या वर्तुळात मांडतात आणि आरंभ त्या समाजातील ज्येष्ठ व्यक्ती करतात. कधी सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीची धुरी देतात; दमा असल्यास तसे आधी सांगावे, कोणी वाईट मानत नाही. पुष्कळदा आधी जमिनीवर घोंगड्या पसरून सर्वांना त्यांवर उभे करतात आणि इतिहासातला एकेक प्रसंग वाचत त्या घड्या घालून काढून घेतात, म्हणजे जमीन कशी आक्रसत गेली हे पायांनाच कळते. त्यानंतर गरुडाचे पीस किंवा एखादा दगड हातोहात फिरतो. तो ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलायचे. इतरांनी मध्ये बोलायचे नाही, आणि आपली पाळी आल्यावर मागच्याचे खंडनही करायचे नाही. व्याख्यानानंतर ‘मला एक मुद्दा मांडायचा आहे’ असे म्हणत उठण्याची सवय असलेल्या आपल्या मराठी मंडळींना हे बरेच जड जाते. काही न बोलता ती वस्तू पुढे दिली तरी चालते.

ज्येष्ठांकडून काही जाणून घ्यायचे असल्यास त्यांना तंबाखूची लहान पुडी देण्याची प्रथा अनेक समाजांत आहे. तंबाखू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंची येते, पण येथे तिचे स्थान आमंत्रणाच्या अक्षतीसारखे आहे. तरीही आधी संयोजकांना विचारावे, कारण सर्वांची रीत एक नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. ‘आम्हीही दीडशे वर्षे इंग्रजांच्या गुलामीत होतो’ हे वाक्य भारतीयांच्या तोंडी फार लवकर येते. ते खरे आहे, आणि ते सहानुभूतीनेच उच्चारले जाते. परंतु ज्याने नुकतेच आपल्या आजीच्या शाळेविषयी सांगितले त्याच्या बाजूला बसून आपण ते बोललो की विषय त्याच्याकडून आपल्याकडे वळतो. शिवाय इंग्रज आपल्याकडून गेले. त्यांच्याकडे जे आले ते तेथेच राहिले, आणि आता आपणही राहिलो आहोत. हे वाक्य तिसऱ्या-चौथ्या भेटीसाठी राखून ठेवावे.

प्रश्न : ‘रिकन्सिलिएशन’ला मराठीत नेमके काय म्हणावे?
— एक अनुवादक, पुणे

उत्तर : ‘समेट’ हा शब्द दोन साधारण तुल्यबळ पक्षांच्या भांडणाला शोभतो. ‘दिलजमाई’ घरगुती आहे, तर ‘मनोमीलन’ म्हटले की मने पूर्वी एक होती आणि मध्येच दुरावली असा भास होतो. मूळ इंग्रजी शब्दावरही अनेक आदिवासी विचारवंतांचा हाच आक्षेप आहे, की जे पूर्वी कधी जुळलेलेच नव्हते ते ‘पुन्हा’ जुळवणार कसे? मला ‘सलोखा’ बरा वाटतो, कारण मराठीत सलोखा एकदा करून मोकळे होता येत नाही, तो राखावा लागतो. मात्र ‘रेड इंडियन’ हा आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीचा शब्द टाळावा, आणि शक्य तेथे त्या त्या समाजाचे स्वतःचे नाव लिहावे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात तीस वर्षे असे संवाद झाले, तरी २०२३ च्या सार्वमतात लोकांनी नकारच दिला. मग बोलून उपयोग काय? माझ्यापुढेही अशाच एका संवादमंडळाचे निमंत्रण आहे.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. १९९१ साली तेथे सलोख्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्या प्रेरणेने ठिकठिकाणी अभ्यासमंडळे भरली, आणि २८ मे २००० रोजी सुमारे अडीच लाख लोक सिडनीच्या हार्बर पुलावरून सलोख्यासाठी चालत गेले. तरीही १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणारी संस्था संविधानात असावी या प्रस्तावाला सुमारे साठ टक्के मतदारांनी आणि सहाही राज्यांनी नकार दिला.

माझ्या मते अशा मंडळांत मुळात अनुकूल असलेलेच लोक येतात, त्यामुळे त्यांच्याकडून मतांच्या बेरजेची अपेक्षा करणे चूक ठरते. दुसरे असे, की ज्या उलुरू निवेदनातून, म्हणजे आदिवासी प्रतिनिधींनी देशापुढे मांडलेल्या आवाहनातून, हा प्रस्ताव पुढे आला त्याच्या आधी देशभर बारा प्रादेशिक संवाद झाले, आणि त्यांत आदिवासी प्रथम आपसांत बोलले. मिश्र मंडळांत पुष्कळदा याच्या उलट घडते : विषय, वेळ आणि जागा बिगर-आदिवासी ठरवतात आणि आदिवासी ज्येष्ठांना केवळ सांगायला बोलावतात. असे मंडळ यजमानांचे मन हलके करून संपते.

म्हणून निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी संयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात : विषय कोणी ठरवला, ज्येष्ठांना मानधन दिले जाते का, आणि पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर तो चहापानाचा कार्यक्रम आहे असे समजून जायचे की नाही ते ठरवावे.