तीन दिवसांचा आठवडा

प्रश्न : १९७४ साली ब्रिटनमध्ये ‘तीन दिवसांचा आठवडा’ होता म्हणे. म्हणजे चार दिवस सुट्टी?

उत्तर : सुट्टी कसली! रेशनिंग विजेचं होतं. १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ या काळात बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून सलग तीनच दिवस वीज मिळे. त्या दिवशी तास वाढवायलाही बंदी. इस्पितळं वगळलेली. टीव्हीसुद्धा सुरुवातीला रात्री साडेदहाच्या सुमारास बंद.

वीज तेव्हा मुख्यतः कोळशावर. खाणकामगारांनी नोव्हेंबर १९७३ पासून ओव्हरटाइम नाकारला. वरवर किरकोळ वाटतं, पण खाणीतली देखभाल-दुरुस्ती शनिवार-रविवारी ओव्हरटाइममध्येच व्हायची. ती अडली की सोमवारचं उत्पादनही अडतं. त्यात तेल महागलेलं. हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ यांनी २८ फेब्रुवारीला निवडणूक घेतली. मतं त्यांना जास्त, जागा मात्र २९७. मजूर पक्षाला ३०१.