‘रक्त दिल्यानं पोरगं खंगणार तर नाही ना?’

“मुलानं कॉलेजच्या शिबिरात रक्त दिलं आणि तो चक्कर येऊन पडला. आता त्याला कायमचा अशक्तपणा येईल का? पुन्हा देऊ द्यावं का?” रक्तपेढीत समुपदेशक म्हणून काम करताना आईवडिलांकडून, त्यातही आईकडून, हा प्रश्न मी नेहमी ऐकते. उत्तर तसं छोटं आहे. निरोगी माणसानं नियमातलं अंतर पाळून रक्त दिलं तर कायमचा अशक्तपणा येत नाही, आणि चक्कर येण्याचा शरीरातलं रक्त ‘संपण्याशी’ संबंध नसतो. पण एवढं सांगून कुणाची भीती गेल्याचं मला फारसं दिसलेलं नाही. का जात नाही, ते मला सातारा जिल्ह्यातल्या एका आईनं नीट समजावलं. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणू.

ओंकार एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.ला शिकणारा. मित्रांबरोबर शिबिरात गेला, रक्त दिलं, आणि जिना उतरताना पडला. हनुवटीला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आमच्या दारात उभी.

“माझ्या पोराचं रगात काढलं तुम्ही, आन् घरी एक फोन न्हाई! रगात काय पान्यागत असतंय व्हय? हाडामासाची कमाई हाय ती.”

त्यांचा राग योग्यच होता. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या संमतीवर रक्त घेता येतं, घरच्यांची परवानगी लागत नाही. पण मूल पडून टाके पडल्यावर घरी कळवायला नियम कशाला हवा? मी त्यांना तेच म्हटलं, पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. ओंकार मान खाली घालून कोपऱ्यात. मित्रांसमोर पडलो, याचीच लाज त्याला टाक्यांपेक्षा जास्त टोचत होती.

आधी त्याच्याशी बोलले. सकाळी सातला घरून निघताना नुसता चहा घेतलेला. फॉर्मवर मात्र ‘नाश्ता केला आहे’ असं लिहिलेलं, नाहीतर परत पाठवतील म्हणून. बारापर्यंत उन्हात रांगेत. रक्त देऊन झाल्यावर पंधरा मिनिटंही बसला नाही, कारण प्रॅक्टिकल होतं. पहिलीच वेळ, मनात सुईची धास्ती, पोट रिकामं, अंगात पाणी कमी. अशा वेळी मज्जासंस्थेच्या प्रतिक्रियेनं हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काही जण तर रक्त देण्याआधी सुई बघूनच पडतात. आडवं झोपवून पाय वर केले की बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं. देण्याआधी नीट जेवण, अर्धा लिटर पाणी आणि नंतर निवांत बसणं, एवढ्यानं हा धोका बराच कमी होतो.

आई ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा जराही सैल होत नव्हता. मी आकडे काढले. ओंकारचं वजन ५४ किलो, म्हणजे त्याच्या अंगात साधारण पावणेचार लिटर रक्त. त्यातलं घेतलं ३५० मिली. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशी भरायला महिना-दोन महिने लागतात. आकडे सगळे बरोबर होते आणि त्यांचा काहीही उपयोग होत नव्हता. मी थांबले आणि विचारलं, “ताई, रक्त देऊन कुणाला त्रास झालेला तुम्ही पाहिलाय का?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझा थोरला भाऊ रगात देऊनच गेला.”

भाऊ मुंबईत गिरणीत होता. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, हमाली मिळेल त्या दिवशी हमाली. कुणीतरी त्याला रक्त विकायची वाट दाखवली. गावी यायचा तेव्हा पैसे आणायचा. पैसे कुठले, हे कुणी विचारलं नाही. ह्या तेव्हा लहान होत्या. त्यांना आठवत होते ते त्याचे पांढरे पडलेले ओठ, धाप, आणि कोपराच्या आतल्या बाजूचे काळे, टणक झालेले डाग. काही वर्षांत तो गेला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “रगात इकून इकून पोरगं आटलं.”

ह्या बाईंना ‘तुमचा गैरसमज आहे’ असं कोण म्हणणार? आपल्याकडे रक्तदानाबद्दलच्या भीतीला सर्रास अडाणीपणा म्हटलं जातं. शिबिरांच्या भाषणांतही ‘अंधश्रद्धा सोडा’ असा सूर असतो. मला तो पटत नाही. माझ्यासमोर बसलेल्या पिढीनं, किंवा तिच्या आईवडिलांनी, रक्त विकणारी माणसं डोळ्यांनी पाहिली आहेत. ती माणसं खरोखर खंगली होती. भीती खरी आहे. बदलली आहे ती पद्धत, आणि ती का बदलली हे कुणी त्यांना बसून सांगितलेलं नाही.

मी त्यांना आधी हेच सांगितलं की तुमच्या आजीचं म्हणणं खरं असणार. एक बाटली रक्त दिलं की त्याबरोबर पावणेदोनशे-दोनशे मिलिग्रॅम लोह जातं. अन्नातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतं. म्हणजे ती भर पडायला तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ लागतो. पैशासाठी रक्त देणारा माणूस आठ-पंधरा दिवसांनी, आज ह्या दवाखान्यात तर उद्या त्या, खरं न सांगता रक्त द्यायचा. वर पोटाला पुरेसं नाही. तो खंगणारच. आजार लपवायची पाळी त्याच्यावर यायची, त्यामुळे ते रक्त घेणाऱ्यालाही धोका. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. आज पुरुषाला दोनदा रक्त देण्यात ९० दिवसांचं आणि स्त्रीला १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. वजन ४५ किलोच्या खाली असेल तरी नाही.

“म्हंजे माझ्या भावाला असं कुणी आडवलं असतं तर...” एवढंच त्या बोलल्या. ओंकारनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मामा मुंबईत आजारानं गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आता कुणीच पैशासाठी देत न्हाई?” मी खरं ते सांगितलं. कायद्यानं गुन्हा आहे, तरी ‘आधी बदली रक्तदाता आणा’, म्हणजे रुग्णाला रक्त हवं तर त्याच्या बदल्यात रक्त देणारा माणूस आणा, असं जिथे नातेवाइकांना सांगितलं जातं, तिथे अडलेल्या माणसाला गाठणारे दलाल अजून सापडतात. म्हणून स्वतःहून, पैसे न घेता देणाऱ्यांची गरज आहे. अशी माणसं पुरेशी असली तर रुग्णाच्या घरच्यांना कुणाच्या दारात जावं लागत नाही. थॅलेसेमिया म्हणजे शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार; तो असलेल्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत, तेव्हा त्या मुलांच्या आयांचे चेहरे मला बघवत नाहीत. हे मी त्यांना गळ घालायला सांगत नव्हते आणि तसं स्पष्ट बोललेही. ओंकारनं पुन्हा द्यावं की नाही, हे त्या दिवशी ठरवायची गरजच नव्हती.

निघताना त्या उठल्या आणि भिंतीला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या. मी विचारलं, असं नेहमी होतं का? “कामानं हुतंय,” म्हणाल्या. मी त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. ८.९ निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. पण ओंकारला वाटलं. अशक्तपणा काय असतो हे त्या घरात एकच माणूस रोज अंगावर काढत होतं, आणि ते रक्त देणारं नव्हतं.

मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पाळीत जास्त रक्त जात होतं, त्याची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी जेवणाबरोबरच्या चहासोबत घ्यायची नाही, लिंबू चालेल. पालेभाजी, कडधान्यं, अळीव खायचे. बीट लाल म्हणून रक्त वाढतं असं काही नसतं, हेही सांगून टाकलं.

ओंकारचा प्रश्न त्यानं जाताना एकट्यानं येऊन विचारला: मी पुन्हा देऊ शकतो का? एकदा अशी चक्कर आली म्हणून बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. मात्र पुढच्या वेळी फॉर्म भरताना ही गोष्ट सांगायची, खाल्लं नसेल तर खाल्लं नाही असंच लिहायचं, आणि निर्णय डॉक्टरांचा. पुन्हा पुन्हा येत असेल तर देऊ नये. रक्त न देताही शिबिरात कामं भरपूर असतात.

गेल्या महिन्यात आई गोळ्या न्यायला आल्या होत्या. हिमोग्लोबिन १०.६. ओंकारनं अजून दुसऱ्यांदा रक्त दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, परीक्षा झाली की बघू, आणि द्यायचंच ठरलं तर मी संगं येणार, त्याला घरून भाकरी खायला घालून.